‘बघू नकोस’च्या पुढचं वाक्य

८ एप्रिल २०२४, सोमवार. सकाळची साडेसातची वेळ. गाडीच्या डिकीत दुर्बीण, तिचं तिकाटणं, घडीच्या खुर्च्या आणि चहाचा थर्मास भरून आम्ही निघायच्या तयारीत होतो, आणि कोल्हापूरहून आईचा फोन आला.

"अरे, आज तुमच्याकडे ग्रहण ना? त्यात सोमवती अमावास्या. बाहेर पडू नकोस हो."

"आई, तुझ्याकडे दिसणारसुद्धा नाहीये ते. तेव्हा तिकडे मध्यरात्र असेल."

"म्हणून तर आम्ही पाळत नाही. दिसत नसेल तर पाळायचं नाही, असंच असतं. पण तुझ्याकडे दिसणार ना? मग तू पाळ."

तर्क बिनतोड होता! दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा, तिने पुरणयंत्र माळ्यावरून काढून ठेवलं होतं आणि त्या गडबडीतही तिला माझ्या ग्रहणाची काळजी होती. "बघतो" असं मोघम काहीतरी बोलून मी फोन ठेवला. (खोटं बोललो नाही. बघायलाच तर निघालो होतो.)

मी राहतो ओहायोमधल्या कोलंबसला. गंमत अशी की शहराच्या मध्यभागी सूर्य नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त झाकला जाणार होता, पण पूर्ण नाही. आणि ग्रहणात नव्व्याण्णव आणि शंभर यांत दिवस-रात्रीचा फरक असतो, अगदी शब्दशः. म्हणून वायव्येला बेलफाउंटन नावाच्या गावाकडे निघालो. एरवी तासाभराचा रस्ता, त्या दिवशी दोन तास लागले. तिथल्या शाळेच्या मैदानावर निम्मं गाव जमलं होतं. एक बाई गळ्यात शिट्टी अडकवून उभ्या होत्या. खग्रास सुरू झालं की एक शिट्टी, म्हणजे चष्मे काढा. संपायच्या आधी दोन शिट्ट्या, म्हणजे चष्मे लावा. जवळपास चार मिनिटं सूर्याच्या जागी एक काळं भोक आणि त्याभोवती पांढरं प्रभामंडल. लोक ओरडत होते, काही रडत होते. मी काय केलं ते सांगत नाही.

आता इथे तुम्हाला वाटेल की पुढचा परिच्छेद ठरलेला आहे: बघा हे अमेरिकन किती शहाणे आणि आपण किती मागासलेले. तसं काही नाही. त्या दिवशी ओहायोतल्या पुष्कळ शाळांना सुट्टी होती. कारण राहू-केतू नव्हते, वाहतुकीची कोंडी आणि नेमकी शाळा सुटायची वेळ हे होतं, पण सुट्टी ती सुट्टीच. ग्रहणाचे बनावट चष्मे इथेही विकले जातात. आणि २१ ऑगस्ट २०१७ च्या ग्रहणानंतर न्यूयॉर्कमधल्या एका तरुणीच्या दृष्टिपटलावर डॉक्टरांना जी जखम दिसली, तिचा आकार ग्रहण लागलेल्या सूर्याचाच होता, कोरीसारखा. मूर्खपणाला व्हिसा लागत नाही.

मला बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. त्यासाठी १९९५ सालात जावं लागेल.

२४ ऑक्टोबर १९९५. ऐन दिवाळीत सूर्यग्रहण आलं होतं. राजस्थानात, नीम का थाना वगैरे भागात, ते खग्रास होतं. आमच्या कोल्हापुरात सकाळी खंडग्रास. मी सात वर्षांचा. घराची दारं-खिडक्या बंद, फराळाच्या डब्यांवर तुळशीची पानं, आणि आजीचा एकच हुकूम: "कुणी वर बघायचं नाही." मी बघितलं नाही, कारण मी भित्रा होतो. माझा चुलतभाऊ, आमचा दादा, तेव्हा तेरा वर्षांचा होता. तो भित्रा नव्हता. तो आजीच्या खुब्याचा एक्सरे घेऊन गच्चीवर गेला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की एक्सरेतून बघितलं तर चालतं.

आता एक्सरे म्हणजे काय? फिल्म जिथे काळी तिथे थोडासा प्रकाश अडवते, आणि जिथे हाड आहे तिथे ती जवळजवळ पारदर्शक असते. शिवाय डोळ्याला ती काळी दिसते म्हणून ती सूर्याचे न दिसणारे अवरक्त किरणही अडवते असं मुळीच नाही. दादा काही मिनिटं बघत राहिला. दुखलं नाही. दुखणारच नाही, कारण दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत. संध्याकाळी तो म्हणाला, मधेच काहीतरी डाग दिसतोय. डाग थोडा कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. आजही उजव्या डोळ्याने वाचताना दादाला ओळीतलं नेमकं तेच अक्षर पुसट दिसतं, ज्याकडे तो बघतो.

आजी म्हणाली, "सांगितलं होतं ना!" आणि खरंच, तिने सांगितलं होतं. तिचा निष्कर्ष बरोबर होता. पण ‘बघू नकोस’च्या पुढचं वाक्य त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं: "बघायचंच असेल तर असं बघ." जे मूल पहिलं वाक्य ऐकतं त्याचा प्रश्नच नसतो. जे ऐकत नाही, त्याच्या हातात मग एक्सरे उरतो, काजळी धरलेली काच उरते, नाहीतर गॉगल. भीतीने भित्री मुलं वाचतात. कुतूहल असलेली वाचत नाहीत. आणि अशी मुलं तर आपल्याला हवी आहेत ना?

थोडं गणित करू. (माझं कामच प्रकाश मोजायचं आहे, त्यामुळे सुटका नाही!) निरभ्र दुपारी जमिनीच्या एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट इतकं ऊन पडतं. उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली आकसून साधारण २ मिलिमीटरची होते. तेवढ्या भोकातून जेमतेम ३ मिलिवॅट आत जातात, आणि तेही दृष्टिपटलाला इजा करायला पुरतात. आता ८० मिलिमीटर भिंगाची लहानशी दुर्बीण घ्या. तिचं क्षेत्रफळ बाहुलीच्या १६०० पट, म्हणजे ५ वॅट. २०० मिलिमीटरची, हौशी लोकांकडे सर्रास असते तशी, घेतली तर ३० वॅट. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. त्याने कथील वितळतं. फिल्टर न लावलेल्या दुर्बिणीतून सूर्य बघणं म्हणजे काय, ते यावरून समजा.

ग्रहणात सूर्य जास्त विषारी होतो का? नाही. किरण तेच असतात. पण एरवी सूर्याकडे बघवतच नाही, डोळे आपोआप मिटतात. ग्रहणात एकूण उजेड कमी होतो, बघवतं, आणि माणूस बघत राहतो. उरलेली कोर मात्र तितकीच प्रखर असते. धोका हा आहे. तो चंद्रात नाही, आपल्या टक लावण्यात आहे.

सूर्यासाठी दुर्बिणीवर जो फिल्टर लावतात तो प्रकाशाचा लाखावा भाग आत सोडतो. ८० मिलिमीटरच्या दुर्बिणीत ५ वॅटचे ५० मायक्रोवॅट होतात, म्हणजे उघड्या डोळ्यात शिरणाऱ्या उन्हाच्या साठाव्या भागापेक्षाही कमी. आता निवांत बघा. पण तो लावायचा कुठे, हाच सगळा प्रश्न आहे. तो दुर्बिणीच्या पुढच्या टोकाला, भिंगाच्याही आधी लागला पाहिजे, म्हणजे ऊन आत शिरायच्या आधीच अडतं. स्वस्तातल्या काही दुर्बिणींबरोबर आयपीसला लावायची एक छोटी काळी काच मिळत असे, वर ‘सन’ असं लिहिलेली. ती काच नेमकी तिथे असते जिथे सगळं ऊन एकवटलेलं असतं. ती तापते, आणि एका क्षणी तडकते. त्या क्षणी तुमचा डोळा तिच्यामागे असतो. अशी काच कुणाकडे असेल तर ती कुणाला देऊ नका, हातोडीने फोडून टाका. ग्रहणाचा कागदी चष्मा घालून दुर्बिणीत बघणं हीसुद्धा तीच चूक.

एवढं सगळं मला २०१७ साली पाठ होतं. तरीही काय झालं ते ऐका.

मी पीएचडीच्या शेवटच्या वर्षात होतो. २१ ऑगस्टला कोलंबसला खंडग्रास ग्रहण होतं आणि मी विद्यापीठाच्या हिरवळीवर माझी ८० मिलिमीटरची दुर्बीण मांडली. फिल्टर घरी केलेला: खात्रीची फिल्म, पुठ्ठ्याची चौकट, आणि ती चौकट नळीला दोन चिकटपट्ट्यांनी लावलेली. रांग लागली. मी रांगेच्या मागच्या टोकाला जाऊन लोकांना सौरडाग म्हणजे काय ते समजावत होतो (आपल्याला बोलायला फार आवडतं). पुढे सात-आठ वर्षांच्या एका मुलीची पाळी होती. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली.

दुर्बिणीशेजारी एक म्हातारे गृहस्थ उभे होते. त्यांनी एकदम दुर्बिणीला हाताने असा धक्का मारला की ती तिकाटण्यासकट आडवी झाली. आयपीस फुटला. मी धावत गेलो, आणि खरं सांगतो, माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो दुर्बिणीसाठी. त्यांनी नुसतं बोट दाखवलं. फिल्टर गवतात पडला होता. तो उडाला तसा आयपीसमधून उजेडाचा एक झगझगीत ठिपका त्या मुलीच्या फ्रॉकवर पडलेला त्यांना दिसला होता. ती डोळा लावायला वाकतच होती.

मुलीला काही झालं नाही. पण ती रात्र मी झोपलो नाही.

ते गृहस्थ निवृत्त कामगार होते, सगळा जन्म प्रेस शॉपमध्ये गेलेला. माझ्यावर ओरडले नाहीत. त्यांनी मला पॉवर प्रेसबद्दल सांगितलं. ते तरुण असताना प्रेसवर ‘सावधान’ अशी पाटी असायची आणि लोकांची बोटं जायची. मग नवी प्रेस आली. तिला दोन बटणं, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकाच वेळी दाबल्याशिवाय प्रेस खाली येतच नाही. म्हणजे प्रेस खाली येते तेव्हा हात कुठे असतात? बटणांवर. ते म्हणाले, पाटीने बोटं वाचत नाहीत, बटणांनी वाचतात.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा भोसरीत ज्यांनी प्रेस बघितली आहे त्यांना हे लगेच कळेल. मला ते प्रकाशशास्त्रात डॉक्टरेट घेत असताना, हिरवळीवर कळलं. ‘बघू नकोस’ ही पाटी आहे. आणि लाज वाटते सांगायला, पण माझं पाठ केलेलं गणितसुद्धा पाटीच होतं. बटणं लावायची राहिली होती.

तेव्हापासून माझी ‘बटणं’ ही अशी. फिल्टर चौकटीत घट्ट बसलेला आणि स्क्रूने आवळलेला. चिकटपट्टीच्या भरवशावर काहीही नाही. प्रत्येक वेळी लावण्याआधी फिल्म दिव्यासमोर धरून तिला टाचणीएवढं भोक किंवा ओरखडा नाही ना ते बघायचं. असेल तर ती कचऱ्यात. दुर्बिणीवरची ती छोटी शोधक दुर्बीण झाकायची नाही, काढूनच ठेवायची, कारण झाकण मुलं काढतात. मग सूर्य सापडायचा कसा? नळीची सावली बघून. सावली सर्वांत लहान झाली की नळी सूर्याकडे रोखलेली असते. पहिल्यांदा डोळा लावण्याआधी आयपीसमागे पांढरा कागद धरायचा. त्यावर उजेड पडला तर फिल्टर जागेवर नाही. आणि शेवटचं, सगळ्यांत महत्त्वाचं: दुर्बीण सूर्याकडे असेपर्यंत एक मोठं माणूस तिच्या शेजारी उभं. ते भाषण करणार नाही, चहाला जाणार नाही. त्याचं काम एकच, त्या दिवशी त्या म्हाताऱ्यांनी केलं ते.

माझा एक शाळासोबती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. त्याला हे सगळं ऐकवलं तर तो म्हणाला, "अरे, माझ्या वर्गात पन्नास पोरं आणि मी एकटा. एकाच्या डोळ्याला काही झालं तर मला कोण वाचवणार? सुट्टी देणं परवडतं." त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. फिल्टरबद्दल तिळमात्र शंका असेल तर दुर्बीण खोक्यातच राहू द्यावी, हाच शहाणपणा. पण दुर्बीण नाही म्हणजे ग्रहण नाही असं कुठे आहे? पुरणयंत्राची भोकांची ताटली उन्हात धरा. जमिनीवर, तिच्या सावलीत, प्रत्येक भोकाची एकेक चिमुकली सूर्यकोर होते. झाडाखाली पानांच्या फटींतून तशाच शेकडो कोरी पडतात. सूर्याकडे पाठ करून ग्रहण बघायचं, पन्नास पोरांनी एकदम, फुकट. इथे वर बघणाराच कुणी नाही, म्हणजे बटण आपोआप दाबलेलं आहे. (गॅलिलिओ सूर्याकडे बघून आंधळा झाला ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. त्याची १६१२ सालची सौरडागांची चित्रं दुर्बिणीतून कागदावर प्रतिमा पाडून काढलेली आहेत. दृष्टी गेली ती पंचवीसेक वर्षांनी, सत्तरी उलटल्यावर.)

आणि हे सगळं परकं, पाश्चात्त्य आहे असंही समजू नका. विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ आहेत. १८६८ साली लॉकियरसाहेबाने तिथे हेलियमचा शोध लावला असं सांगतात. ते खरं नाही, त्या वर्षी लॉकियर इंग्लंडात होते. पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी ते खरोखरच विजयदुर्गला आले होते. आणि त्याच दिवशी सोलापूरकडच्या जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी नेगामवाला स्वतःची उपकरणं लावून बसले होते. सव्वाशे वर्षांपूर्वी! आज सूर्याकडे सतत नजर लावून बसलेल्या आपल्या आदित्य-एल१ यानावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकाने उभारली आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था, मुंबईचं खगोल मंडळ यांच्यासारख्या संस्था वर्षानुवर्षं लोकांना आकाश दाखवत आल्या आहेत. माणसं आहेत, ज्ञान आहे. ते शाळेच्या मैदानापर्यंत आणि आमच्या दादाच्या गच्चीपर्यंत पोचायचं राहिलंय, एवढंच.

दादाचं नाव पुन्हा आलं, कारण हा सगळा वाद मुळात त्याच्याशी आहे. त्याला आता एक मुलगी आहे, आणि ती अगदी त्याच्यावर गेली आहे. २५ ऑक्टोबर २०२२ ला, पुन्हा दिवाळीतच, सूर्यास्ताच्या वेळी ग्रहण होतं. दादाने तिला घराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. देवाधर्माचं त्याला फारसं काही नाही. तो म्हणाला, "माझा डोळा बघ, मग बोल." यावर मी काय बोलणार? आजीची भीती ऐकीव होती. दादाची कमावलेली आहे.

तरी मी बोललो. मे २०२४ मध्ये सूर्यावर पृथ्वीच्या पंधरा पट रुंद असा सौरडागांचा समूह आला होता. त्याच्या स्फोटांमुळे १० मेच्या रात्री ध्रुवीय प्रकाश थेट लडाखमधल्या हान्लेहून दिसला. मी फिल्टर लावून त्या डागांचे फोटो काढले आणि पुतणीला पाठवले. तिचा पहिला प्रश्न: "काका, हे मला माझ्या डोळ्यांनी कधी बघता येईल?" आणि माझी खात्री आहे, आपण उत्तर दिलं नाही तर ते ती स्वतः शोधेल. गच्ची तीच आहे. घरात एक्सरेही असतीलच.

२ ऑगस्ट २०२७ च्या सूर्यग्रहणाचा खग्रास पट्टा स्पेनपासून इजिप्तमधल्या लक्सरवरून, पुढे अरबस्तानातून जातो. महाराष्ट्रातून ते दुपारनंतर खंडग्रास, सूर्याचा थोडासा भाग झाकलेलं. दिवस सोमवार, शाळेचा. तिथी आषाढ अमावास्या, म्हणजे दिव्यांची अवस! ऐन पावसाळ्यात कोल्हापुरात सूर्य दिसेलच असं कुणी सांगू शकणार नाही. पण ढगांना फट पडली तर ती सांगून पडत नाही, आणि त्या वेळी मुलांच्या हातात काय असेल हे आपल्याला आधीच ठरवता येतं.

दादाला मी म्हटलं, फिल्टर मी पाठवतो, चौकटीसकट, स्क्रूसकट. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पाठवू नकोस. घेऊन ये. तू दुर्बिणीशेजारी उभा राहणार असशील, तरच."

अट अगदी बरोबर आहे. रजेचा अर्ज तयार ठेवलाय. आईला मात्र अजून सांगितलेलं नाही.

असो. तुमच्या घरात असं एखादं न ऐकणारं मूल असेल तर ‘बघू नकोस’च्या पुढचं वाक्य त्याला सांगून ठेवा.